धुक्यात थांबलेला ट्रक

हरियाणातल्या पानिपतवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पुढे नागपूर ओलांडून कन्याकुमारीला पोहोचतो. पानिपतच्या टप्प्यात त्यावर इंडियन ऑइलच्या रिफायनरीचे टँकर असतात, जुन्या कपड्यांच्या सुतापासून विणलेल्या ब्लँकेटांचे गठ्ठे असतात आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्याही असतात, ज्यांना मागचा दिवा असेलच असे नाही. विनाचालक ट्रकची परीक्षा घ्यायची तर, ते आज जिथे धावतात त्या अमेरिकेतल्या टेक्सासपेक्षा हा रस्ता बरा, कारण इथे जानेवारीत धुके उतरते. ५० मीटरपलीकडचे दिसेनासे झाले की हवामान खाते त्याला अतिदाट धुके म्हणते. ताशी ६० किलोमीटरने निघालेला ट्रक हे अंतर तीन सेकंदांत कापतो. समोरचा अडथळा ओळखून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत त्यातले निम्मे संपलेले असते.

यंत्राच्या कैवाऱ्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे गेली. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली. ट्रकच्या केबिनमध्ये ती किती पाळली जाते, हे कोणत्याही ढाब्यावर विचारावे. यंत्राला डुलकी लागत नाही, ते पीत नाही, मालकाचा फोन आला म्हणून वेग वाढवत नाही. पण या यंत्राची आजची मजल कुठवर गेली आहे? अमेरिकेतल्या ऑरोरा कंपनीने एप्रिल २०२५ च्या अखेरीस डॅलस ते ह्यूस्टन मार्गावर चालकाविना माल नेला. काही आठवड्यांतच ट्रक बनवणाऱ्या पॅकार कंपनीच्या आग्रहामुळे पुढच्या सीटवर पुन्हा माणूस बसवावा लागला. गाडी मात्र यंत्रच चालवत राहिले. तेही आधी फक्त दिवसा आणि स्वच्छ हवेत. रात्रीच्या फेऱ्या नंतर आल्या.

धुक्यात कॅमेरा माणसाइतकाच आंधळा होतो. लायडारचे (लेसरने अंतर मोजणाऱ्या सेन्सरचे) किरण पाण्याच्या थेंबांवर आपटून विखुरतात. रडार पलीकडचे पाहू शकते, पण समोर काहीतरी उभे आहे एवढे कळणे वेगळे आणि ती ट्रॉली आहे, म्हैस आहे की पुलाचा कठडा, हे ठरवणे वेगळे. उद्या सेन्सर सुधारतीलही. माझा मुख्य आक्षेप त्यांच्यावर नाही. अशा प्रत्येक प्रणालीचा शेवटचा आधार एकच असतो: समजेनासे झाले की गाडी कडेला घेऊन थांबवायची. टेक्सासच्या रुंद शोल्डरवर ते ठीक. पानिपतजवळ धुक्यात थांबलेला ट्रक हाच मागून येणाऱ्यांचा काळ असतो. एक आदळला की त्याच्यावर दुसरा, मग तिसरा. थांबल्यावर करायचे कामही माणसाचेच. अमेरिकी नियमानुसार ट्रक बंद पडल्यावर दहा मिनिटांत तीन त्रिकोण मांडावे लागतात, दुभाजक असलेल्या रस्त्यावर त्यांतला सर्वांत लांबचा सुमारे ६० मीटर मागे. ते मांडायला खाली उतरणार कोण? या साध्या प्रश्नावर ऑरोरा आणि विनाचालक गाड्यांची दुसरी कंपनी वेमो यांनी सवलत मागितली, डिसेंबर २०२४ मध्ये ती नाकारली गेली आणि प्रकरण कोर्टात पोचले. केबिनवरच्या चमकत्या दिव्यांना मुभा मिळायला पुढचे वर्ष उजाडले. आपल्याकडे हेच काम क्लीनर झाडाची फांदी आणि चार दगड टाकून करतो. (ट्रक निघून गेल्यावर दगड तिथेच राहतात, ही आणखी एक डोकेदुखी.)

यावर स्वतंत्र मार्गिकेचा तोडगा हमखास सुचवला जातो. बंदिस्त जागेत यंत्र चालते, हे मान्यच. ऑस्ट्रेलियातल्या पिलबरा भागात रिओ टिंटोच्या खाणींत विनाचालक डंपर २००८ पासून फिरत आहेत, मालगाड्याही चालकाविना धावतात. पण तिथे कुणी वाटेत मोटरसायकल उलट्या दिशेने घालत नाही. गावे, शेते, शाळा दोन्ही बाजूंना असलेल्या रस्त्यात दोन्हीकडून कुंपण घातलेली पट्टी काढायची, तर तो खर्च जवळपास रेल्वेमार्गाचाच झाला. आणि मालगाडीत लोको पायलट आणि त्याचा सहायक मिळून शेकडो ट्रकांचा माल आजही नेतात.

नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात विनाचालक गाड्यांना नकार दिला तो चालकांच्या रोजगारासाठी. ही काळजी खरी आहे, तरी नुसत्या तिच्या जोरावर बंदी टिकणार नाही: यंत्राने खरोखरच जीव वाचत असतील, तर नोकरीसाठी अपघात सोसा असे कुणाला सांगता येत नाही. त्यापेक्षा चालक करतो काय ते पाहावे. ताडपत्री आवळणे, पंक्चर काढून घेणे, डिझेलवर नजर ठेवणे, हमालांशी हुज्जत, ई-वे बिल दाखवणे. स्टिअरिंग काढून घेतले तरी या कामांसाठी माणूस बसवावाच लागणार, मग पगार वाचला कुठे? याउलट यंत्राचा अर्धा भाग आजच घेण्यासारखा आहे. आपोआप लागणारा ब्रेक, डुलकीचा इशारा आणि मार्गिका सुटल्याचा इशारा जड वाहनांना सक्तीचे करण्याचा मसुदा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२५ मध्ये काढला. त्याच्या जोडीला धुक्याच्या रात्री ट्रक रस्त्यापासून आत घेता येतील असे तळ ठरावीक अंतरावर हवेत आणि प्रत्येक ट्रॉलीच्या मागे चमकणारी पट्टी हवी. या दोन गोष्टींना ना सॉफ्टवेअर लागते, ना परदेशी कंपनी.