बोआ गाभडते तेव्हा

गोठ्यात ‘गाय गाभडली’ म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. काचेच्या पेटीत वेटोळं घालून पडलेल्या बोआबद्दल मात्र हेच कळायला कधी कधी चार महिने जातात.

बोआ कन्स्ट्रिक्टर मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला साप. अमेरिका-युरोपात त्याची पैदास हा छंदही आहे आणि धंदाही. (आपल्याकडचं मांडूळ त्याच्याच भाऊबंदांतलं. पण ते घरात ठेवणं सरळ गुन्हा आहे आणि परदेशी बोआ पाळायचा तरी सरकारदरबारी नोंदणी लागते. तेव्हा रील बघून लगेच उत्साह नको.) बोआ अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते. अजगर पाळणाऱ्यांचं त्या मानाने बरं. खराब अंडं पिवळं पडतं, बुरशी धरतं, डोळ्यांना दिसतं. बोआचं सगळंच पोटात.

म्हणून मुरलेला ब्रीडर सापाइतकाच कॅलेंडरकडे बघतो. बीजांडं सुटतात तेव्हा मादीचं पोट मध्यभागी एकदम फुगतं, मोठा उंदीर गिळल्यासारखं. एखाद-दोन दिवसांत ते ओसरतं. नंतर दोन-तीन आठवड्यांनी ती कात टाकते आणि या कातीपासून साधारण साडेतीन-चार महिन्यांनी पिल्लं. फुगवटाही नाही आणि ही कातही नाही, तर मादी बहुधा गाभण नव्हतीच. वाढलेली बीजांडं शरीरातच जिरतात, ती हळूहळू बारीक होते आणि पुन्हा खायला लागते. यात घाबरण्यासारखं काही नाही. नुसती लठ्ठ मादी गाभण समजून महिनोन्‌महिने वाट बघणारेही असतात!

खरी पंचाईत पुढे आहे. कात पडली, रंग गडद झाला, मादी उबेच्या जागेला चिकटून बसली, कुशीवर लोळू लागली, तरी आत फलित पिल्लं असतील याची खात्री नाही. न फळलेली बीजांडंही जागा अडवतात आणि पोट तेवढंच भरदार दिसतं. ब्रीडर त्यांना ‘स्लग’ म्हणतात: पिवळे-नारिंगी, रबरासारखे गोळे. पिल्लांसोबत दोन-चार स्लग पडणं नेहमीचंच. पण तारखेच्या फार आधी नुसते स्लग पडले, किंवा मधल्या काळातच शेपटीकडचा भाग सपाट होऊन मादीने ऊब सोडली, तर गर्भ टिकला नाही असं समजायला जागा आहे. नुसतं खाणं सुरू झालं यावरून मात्र काही ठरवू नये. काही गाभण माद्या मजेत खातात. शंका असेल तर सोनोग्राफीच करावी.

सगळ्यात वाईट म्हणजे अर्धवट प्रसूती. तारीख उलटली, मादी कळा देतेय पण बाहेर काही येत नाही, घाण वासाचा स्राव येतोय, किंवा पिल्लं झाल्यावरही पोटात एका जागी गाठ लागते. अशा वेळी ‘अजून दोन दिवस बघू’ म्हणणं तिच्या जिवावर बेतू शकतं. अडकलेलं आत सडतं. इथे सरपटणाऱ्या प्राण्यांचा जाणकार व्हेटच हवा. पोट दाबून गाठ पुढे सरकवण्याचा घरगुती पराक्रम कुणीही करू नये.

कारणं बरीच असतात: मादी कोवळी किंवा अती लठ्ठ, नर कुचकामी, आणि तापमान. गर्भाला उबेची नेमकी मात्रा लागते. पेटी फार तापली किंवा थंड पडली की व्यंग असलेली किंवा मेलेली पिल्लं होऊ शकतात. निसर्ग उलटा धक्काही देतो म्हणा. 2010मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एका बोआ मादीच्या 22 लेकींची जनुकं तपासली, तर त्यांत बापाचा अंशच सापडला नाही.

गाभडलेली मादी रोडावलेली असते. तिला आधी पाणी, मग लहान-लहान भक्ष्य, तेही अंतर ठेवून. काही जण पुढच्याच हंगामात पुन्हा नर सोडतात, कारण पिल्लं म्हणजे पैसा. मला हे अजिबात पटत नाही. तिचं वजन आधीच्या आकड्यावर येईपर्यंत नराची पेटी वेगळी राहिलेली बरी.