जुन्या पिकअप गाडींतून प्रवरेच्या उगमाकडे

शेतकऱ्याच्या पंचांगांत सुटीचा वार नाहीं, असें आपण म्हणतों व तें बहुतांशीं खरेंहि आहे. तथापि वर्षांतून चार-दोन दिवस असे येतात कीं, एक पीक घरांत आलेलें असतें व दुसऱ्याच्या पेरणीस अवकाश असतो. हे दिवस कोणाचे लग्नकार्यांत, कोणाचे कचेरीच्या खेट्यांत, तर कोणाचे पारावर बसून जातात. आमच्या घरीं गेलीं चार वर्षें ते दिवस आम्ही एका जुन्या पिकअप गाडींत घालवितों. त्यापासून आनंद तर झालाच. पण शेतीच्या दृष्टीनेंहि कांहीं लाभ झाला. तो अनुभव आपल्या सभासद बंधूंपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रस्तुत लेखकाचा काळ महसूल खात्यांत लेखनिकाच्या नोकरींत गेला. तीस वर्षें सात-बाराचे उतारे व पंचनाम्यांच्या नकला लिहून, चार वर्षांपूर्वीं स्वेच्छेनें निवृत्ति घेतली व गांवीं येऊन राहिलों. शेती थोरले बंधू पाहतात. आमची जमीन प्रवरेच्या पाटाखालीं आहे. पाटाचें आवर्तन केव्हां सुटतें यावर आमच्या घरचे सण ठरतात, असें म्हटलें तरी चालेल. परंतु ज्या धरणांतून तें पाणी येतें, तें दादांनीं आयुष्याचीं साठ वर्षें लोटलीं तरी पाहिलें नव्हतें. “वरचे लोक पाणी अडवितात, म्हणून आपल्याला कमी पडतें,” हें मात्र ते दर उन्हाळ्यांत ठामपणें सांगत.

गाडीविषयीं थोडेंसें

आमची पिकअप दुहेरी केबिनची असून अठरा वर्षांची आहे. कांदा, टोमॅटो, शेणखत, पेंड यांची ने-आण करून तिच्या हौद्याला जो वास लागला आहे, तो कितीहि धुतला तरी जात नाहीं. दादा तिला भंगारांत देण्याच्या विचारांत होते. “आणखी एक पावसाळा ठेवूं,” असें म्हणून मींच ती राहूं दिली.

अशी जुनी गाडी डोंगरांत न्यावयाची, तर कागदपत्रें व यंत्र दोन्ही नीट पाहून घ्यावीं. मालवाहू गाडी आठ वर्षांहून जुनी झाली, म्हणजे योग्यता प्रमाणपत्र दरवर्षीं घ्यावें लागतें. विमा व धुराचें प्रमाणपत्र यांच्या तारखा तपासाव्या. केबिनमध्यें जितक्या बैठका नोंदलेल्या असतील, तितकींच माणसें न्यावीं. हौद्यांत माणसें बसवून नेणें कायद्यास मान्य नाहीं, आणि अपघात झाल्यास विम्याची भरपाई मिळण्यासहि अडचण येते. मुक्कामावर पोंचल्यावर मात्र, गाडी उभी असतां, हौद्यासारखी झोपण्याची जागा नाहीं. वर कमानी टाकून ताडपत्री बांधली कीं खोली तयार होते. आणि जमिनीपासून उंच असल्यामुळें फुरसें, घोणस, मण्यार व विंचू यांचें भयहि पुष्कळ कमी होतें.

निघण्यापूर्वीं ब्रेकचें तेल, रेडिएटरचें पाणी, फॅनबेल्ट व स्टेपनींतील हवा पाहावी. जॅक, दोरखंड, कुदळ, घमेलें आणि चाकामागें लावण्यास लांकडाच्या दोन उट्या बरोबर असाव्या. घाट उतरतांना गाडी खालच्या गिअरमध्येंच ठेवावी. सारखा ब्रेक दाबून ठेवल्यास तो तापतो व ऐन वळणावर दगा देतो. शिधा म्हणून बाजरीचें पीठ, बेसन, तांदूळ, मीठ-मिरची व कांदे पुरेसे होतात. चहाचें सामान विसरल्यास बरोबरच्या मंडळींचा उत्साह सकाळींच मावळतो, हा आमचा अनुभव आहे.

कोठें व केव्हां जावें

अहिल्यानगर जिल्ह्याच्या खालच्या तालुक्यांतून निघालें, म्हणजे संगमनेर, अकोलें, राजूर या मार्गानें भंडारदऱ्यास जातां येतें. तेथील विल्सन धरणाचें काम १९१० सालीं सुरू होऊन १९२६ सालीं पुरें झालें. दगडी बांधकामाचें हें धरण सुमारें अकरा टीएमसी, म्हणजे अकराशें कोटी घनफूट पाणी सांठवितें. त्याच्या खालच्या अंगास निळवंडें धरण आहे. त्याच्या डाव्या कालव्याचें लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजीं झालें. भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या कडेकडेनें पुढें गेलें कीं रतनवाडी लागते. तेथें अमृतेश्वराचें प्राचीन शिल्पयुक्त मंदिर आहे व वर रतनगड उभा आहे. प्रवरेचा उगम याच डोंगरांत होतो. जवळच कळसूबाईचें शिखर आहे. त्याची उंची १६४६ मीटर असून महाराष्ट्रांत त्याहून उंच जागा नाहीं.

ऋतूप्रमाणें पाहतां, रोहिणीच्या अखेरीस व मृगाच्या आरंभीं काजव्यांसाठीं जावें. भर पावसाळ्यांत धबधबे पाहण्यास दिवसां जाऊन सायंकाळीं परतावें. तेव्हां डोंगरांत मुक्काम नको. सांदण दरीसारख्या अरुंद घळींत तर पावसाळ्यांत पाऊलहि टाकूं नये. भाद्रपदांत पाऊस ओसरूं लागला कीं पठारें सोनकीच्या पिंवळ्या फुलांनीं भरून जातात. दिवाळीच्या सुमारास भातकापणी चालते. त्या वेळीं नवा तांदूळ शेतकऱ्याच्या खळ्यावरूनच घेतां येतो. पौष-माघांत थंडी कडक असते, पण आकाश निर्मळ असतें. फाल्गुनापासून गवत वाळतें, तेव्हांपासून विस्तवाची फार काळजी घ्यावी. एका ठिणगीनें डोंगरच्या डोंगर वणव्यांत जातो.

या भागाचा बराच प्रदेश कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यांत मोडतो. तेथें वनखात्याच्या नियमांप्रमाणें नेमलेल्या जागींच उतरावें. गांवच्या शिवारांत राहावयाचें झाल्यास शेताच्या मालकाची परवानगी घेऊन त्यास योग्य तो मोबदला द्यावा.

काजवे ज्या झाडांवर लुकलुकतात त्यांत हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर, सादडा हीं मुख्य आहेत. नर काजवा मादीस बोलावण्यासाठीं प्रकाश टाकतो. या प्रकाशांत उष्णता जवळजवळ नसतेच. काजव्याची अळी ओलसर जमिनींत व पाचोळ्यांत राहून गोगलगायी खाते; म्हणजे तो शेतकऱ्याचा मित्रच होय. गाडीचे दिवे व विजेऱ्या यांच्या झोतानें नर-मादीची गांठ पडत नाहीं, हें ध्यानांत घेऊन गाडीचे दिवे मुक्कामावर पोंचतांच बंद करावे व झाडें हलवूं नयेत.

पहिला मुक्काम

चार वर्षांपूर्वीं, मृग लागण्यास दोन दिवस असतां, दादा, मीं, पुतण्या व शेजारचे एक गृहस्थ असे चौघे निघालों. हौद्यांत शिध्याबरोबर पाण्याचे दोन ड्रम होते. दुपारीं धरण पाहिलें. भिंतीकडे पाहून दादा पुष्कळ वेळ कांहींच बोलले नाहींत. पाणी तळाशीं गेलेलें होतें. मग म्हणाले, “एवढ्यावर आपण सगळे जगतों होय?”

सायंकाळीं एका वाडीजवळ, शेतमालकास विचारून, आम्हीं ओढ्याच्या कांठीं उतरलों. ओढा ठणठणीत कोरडा होता. वाळू मऊ, सपाट, गाडी उभी करण्यास सोयीची. तीन दगड मांडून चूल पेटविली. इतक्यांत शेळ्या घेऊन परतणारी एक वृद्ध बाई थांबली व म्हणाली, “बाबा, इथं गाडी नका ठेवू. वर आभाळ फुटलं तर हा ओढा सांगून येत नाही.”

दादा हंसले. “मावशी, पावसाचा थेंब नाहीं. आणि आम्हीहि शेतकरीच आहों.”

“असाल,” ती म्हणाली. “पण तुमचं पाणी पाटानं येतं. आमचं डोंगरावरून येतं.”

ती गेली. दादांना तिचें बोलणें लागलें असावें. जागा सोडण्यास ते तयार होईनात. मला मात्र एकाएकीं जुने पंचनामे आठवूं लागले. “ओढ्यास अचानक पूर येऊन” या शब्दांनीं सुरू होणारे किती कागद मीं स्वतःच्या हातानें लिहिले असतील, याची गणती नाहीं. मृत जनावरांचा रकाना, वाहून गेलेल्या वस्तूंचा रकाना, मृत माणसांचाहि रकाना. लिहितांना त्यांतील ओढा मला कधीं दिसला नव्हता. त्या सायंकाळीं तो दिसला. पश्चिमेस, डोंगराच्या पाठीमागें, विजेची रेघ उमटून गेली होती, पण गडगडाट ऐकूं येत नव्हता.

“दादा, हें माझें एवढें ऐका,” मीं म्हणालों. मीं त्यांना कोणत्याहि गोष्टींत सहसा अडवीत नाहीं, म्हणूनच कीं काय, ते उठले. चूल तशीच टाकून गाडी वरच्या पडीक खाचरावर नेली, चाकांना उट्या लावल्या व ताडपत्री बांधली. पुढें अंधार दाटल्यावर काजवे दिसूं लागले. एक झाड लुकलुकलें, कीं शेजारचें झाड त्याला उत्तर दिल्यासारखें लुकलुके. दादांनीं तंबाखूची डबी हातांत धरली होती, ती उघडण्याचें त्यांस भान राहिलें नाहीं.

रात्रीं दोनच्या सुमारास मोठा आवाज होऊं लागला. मला वाटलें, मालमोटार येत आहे. विजेरी घेऊन बांधावर गेलों, तों खालीं ओढा दोन्ही कांठ भरून वाहत होता. आमच्या डोक्यावर तोंपर्यंत पाऊस सुरूहि झाला नव्हता. सकाळीं पाणी उतरल्यावर पाहिलें: चूल नाहीं, वाळू नाहीं, गाडी जेथें उभी होती तेथें कमरेएवढा खड्डा व त्यांत एक उन्मळलेलें झाड.

दादा कांहीं न बोलतां वाडीवर गेले व त्या बाईचें घर शोधून काढलें. खिशांतून पैसे काढून पुढें केले. तिनें ते घेतले नाहींत. ती म्हणाली, “पैसे नको. गाडी आहे तर खालच्या विहिरीवरून पाणी आणून द्या. ओढ्याचं हे गढूळ पाणी पिववत नाही.”

विहीर सुमारें दोन किलोमीटर खालीं होती. घाटमाथ्यावर चार महिन्यांत हजारों मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या खालच्या तालुक्यांत तो पांचशेंच्या आसपास असतो. परंतु तेथील उतार तीव्र, मातीचा थर पातळ व खालीं काळा खडक. म्हणून पडलेलें पाणी मुरण्यापूर्वींच वाहून जातें, आणि उन्हाळ्यांत तेथील स्त्रियांना डोक्यावर हंडे घेऊन चढ चढावा लागतो. आमच्या ड्रममधून त्या दिवशीं चार खेपा झाल्या. शेवटच्या खेपेस दादांनीं तिला विचारलें, “मावशी, आमच्या पाटाचं पाणी इथूनच जातं ना?”

“इथूनच जातं, बाबा,” ती म्हणाली. “जातं, म्हणून तर राहत नाही.”

परततांना संगमनेर येईपर्यंत दादा गप्प होते. “वरचे लोक पाणी अडवितात,” हें वाक्य त्यानंतर त्यांच्या तोंडून मीं ऐकलेलें नाहीं. दुसऱ्या वर्षीं त्यांनीं दोन एकर उंसाला ठिबक बसविलें. कोणीं कारण विचारलें तर “मजूर मिळत नाहींत,” असें सांगतात. गाडी भंगारांत देण्याचा विषय मात्र कायमचा मिटला.

त्यानंतर आम्ही दरवर्षीं दोन-तीन वेळां जातों. मृगापूर्वीं गेलों तर वाडीवर पोंचतांच पहिलें काम विहिरीच्या खेपांचें. दिवाळीनंतर गेलों तर तेथील तांदूळ घेऊन येतों. अकोलें तालुका देशी वाणांसाठीं प्रसिद्धच आहे. याच तालुक्यांतील कोंभाळणें येथील राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणें जपल्याबद्दल २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली. त्या भागांत गेलेल्या शेतकऱ्यानें केवळ डोंगर पाहून परतूं नये. बियाण्याची, खाचराच्या बांधाची व राबाची चौकशी करावी. बोलावयास बसलें कीं लोक मोकळेपणीं सांगतात.

आतां सभासद बंधूंस थोडक्यांत सूचना. मुक्कामाची जागा उजेडांत ठरवावी. ओढ्याच्या पात्रांत, तें कितीहि कोरडें दिसो, कधींहि उतरूं नये. एकट्या उंच झाडाखालीं विजेच्या दिवसांत गाडी उभी करूं नये. जवळचें सरकारी रुग्णालय कोठें आहे तें आधींच विचारून ठेवावें. सर्पदंश झाल्यास मंत्र-तंत्रांत वेळ न दवडतां १०८ क्रमांकास कळवून रोग्यास तेथें न्यावें. आपला कचरा आपल्याच हौद्यांतून परत आणावा. आणि स्थानिक माणसानें एखादी गोष्ट सांगितली, तर आपणहि शेतकरी आहों हा अभिमान क्षणभर बाजूस ठेवून ती ऐकावी.

यंदाहि रोहिणी लागल्या कीं निघण्याचा बेत आहे. पुतण्यानें हौद्याला नवी ताडपत्री घेतली आहे. दादांनीं आपण होऊन दोनांचे चार ड्रम केले आहेत. त्यामुळें झोपावयास जागा कशी करावी, एवढाच प्रश्न सध्यां आमच्यापुढें आहे.