घरातील हवा गाळून ॲलर्जी टळेल का?

हवा शुद्ध करणारी विजेची यंत्रे आता शहरांतील अनेक घरांत दिसू लागली आहेत. घरात दम्याचा किंवा सततच्या शिंकांचा त्रास असलेले मूल असले, की पालक हजारो रुपये खर्चून असे यंत्र आणतात. त्याचा उपयोग होतो का? याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. ॲलर्जी कशाची आहे आणि ते द्रव्य वाहून नेणारा कण केवढा आहे, यावर ते अवलंबून असते.

प्रथम गाळणी समजून घेऊ. चांगल्या यंत्रांत ‘हेपा’ नावाची गाळणी असते. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या अतिसूक्ष्म तंतूंपासून बनवलेला, घड्या घातलेला तो एक जाड कागदच म्हणा ना! १९४० च्या दशकात अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पात किरणोत्सारी धूलिकण अडवण्यासाठी अशा गाळण्यांचा विकास झाला. ही गाळणी चहाच्या गाळणीसारखी काम करीत नाही. तिच्या तंतूंमधील फटी बहुतेक कणांपेक्षा मोठ्याच असतात. मोठा कण जडत्वामुळे हवेबरोबर वळू शकत नाही आणि तंतूवर आदळतो. अगदी लहान कण ब्राउनीय गतीने भरकटत जाऊन तंतूला चिकटतो. या दोहोंच्या मधला, सुमारे ०.३ मायक्रॉनचा कण निसटण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) म्हणून गाळणीची परीक्षा याच कणांवर घेतात. अमेरिकेतील मानकानुसार अशा १०,००० कणांपैकी किमान ९,९९७ कण अडले पाहिजेत.

म्हणजे गाळणीपर्यंत आलेला कण सहसा सुटत नाही. पण तो तिथवर येतो का? एक सोपे गणित करू. ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद व ३ मीटर उंच खोलीत ३६ घनमीटर हवा असते. ताशी १८० घनमीटर हवा गाळणारे यंत्र खोलीभर हवा तासात ५ वेळा गाळील. आता पाण्याइतक्या घनतेचा, २० मायक्रॉन व्यासाचा कण घ्या. स्टोक्सच्या नियमानुसार तो सेकंदाला सुमारे १.२ सेंटिमीटर, म्हणजे तासाला ४३ मीटर या वेगाने खाली येतो. खोलीची उंची ३ मीटर असल्याने जमीन तासाला सुमारे १४ खोल्यांइतक्या हवेतील कण टिपते. यंत्राच्या जवळजवळ तिप्पट! उलट १ मायक्रॉनच्या कणाचा वेग सुमारे ४०० पटींनी कमी असतो. छतापासून जमिनीवर यायला त्याला जवळजवळ एक दिवस लागतो. तिथे यंत्र सहज जिंकते.

आता घरातील धुळीकडे वळू. १९६० च्या दशकात नेदरलँड्समधील लायडन येथे व्होरहोर्स्ट, स्पीक्समा व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की घरच्या धुळीच्या ॲलर्जीमागे माइट हा कोळ्याच्या वर्गातील, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, आठ पायांचा जीव असतो. आपल्या त्वचेचे गळून पडलेले कण हे त्याचे खाद्य, आणि गादी, उशी व गोधडी हे त्याचे घर. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेच्या १० ते ४० मायक्रॉनच्या गोळ्यांमुळे. कूस बदलली की त्या नाकाजवळच उडतात आणि काही मिनिटांत पुन्हा खाली बसतात. कोपऱ्यातले यंत्र त्यांना कसे गाठणार? झुरळांपासून येणारे द्रव्यही बहुतांशी अशाच जड कणांवर असते.

मांजराचे द्रव्य मात्र वेगळे. त्याचा बराचसा भाग ५ मायक्रॉनहून लहान कणांवर असतो व तासन्‌तास तरंगतो. तिथे गाळणीची मदत होते. बुरशीचे अनेक बीजाणूही हलके असतात. पण भिंतीची ओल तशीच ठेवली, तर बुरशी नवे बीजाणू सोडतच राहणार. परागकण मोठे असतात आणि खिडकीतून येतात. खिडकी उघडी ठेवून यंत्र चालवणे म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणे.

माइटवर उपाय करायचा तो गादीतच केला पाहिजे. चादरी व अभ्रे दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवावेत. गादी-उशीला माइट आरपार जाणार नाही असे घट्ट विणीचे आवरण घालावे. माइट पाणी पीत नाही, हवेतील बाष्प शोषून जगतो. म्हणून अंथरूण उन्हात घालण्याची जुनी सवय मोलाची आहे. कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. मात्र यांपैकी कोणत्याही एका उपायावर भिस्त ठेवू नये आणि डॉक्टरांनी दिलेले औषध यंत्र आणले म्हणून बंद करू नये. ओझोन सोडणारी यंत्रे तर टाळावीतच. ओझोनने श्वासनलिकेचा दाह होतो.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना स्टोक्सचा नियम शिकवताना हेच गणित ५ आणि १० मायक्रॉनच्या कणांसाठी करायला सांगावे. यंत्र आणि जमीन यांची बरोबरी कोणत्या व्यासाला होते, हे त्यांना स्वतः शोधता येईल. यंत्राची किंमत विचारण्याआधी ‘आपल्या मुलाला त्रास देणारा कण कोणता?’ हे विचारण्याची सवय त्यातून लागली, तर त्या नियमाचा घरीही उपयोग होईल.