करडी एम्डन

जर्मन युद्धनौकांची मॉडेलं करणारे बहुतेक जण ‘बिस्मार्क’पासून सुरुवात करतात. पण भारतात बसून जर्मन जहाज करायचं, तर पहिला मान ‘एम्डन’चा. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री तिने मद्रासवर तोफा डागल्या आणि बर्मा ऑइल कंपनीच्या टाक्या पेटवल्या. मद्रास हायकोर्टाच्या भिंतीवर त्या रात्रीची पाटी आजही आहे.

जहाज तसं लहानखुरंच. १९०८ मध्ये डान्झिगच्या गोदीत पाण्यात उतरलं. लांबी ११८ मीटर, साडेदहा सेंटिमीटरच्या दहा तोफा, तीन धुराडी, पोटात कोळशावर चालणारी वाफेची इंजिनं. रेव्हेलच्या एकास साडेतीनशेच्या किटमध्ये ते चौतीस सेंटिमीटरांत मावतं. या मापात खलाशी पाच मिलिमीटरचा होतो आणि तोफेच्या नळीचं भोक ०.३ मिलिमीटरचं. ते कोरायच्या फंदात मी पडत नाही, सुईच्या टोकाने काळा ठिपका देतो.

प्लास्टिकचे भाग जोडणं हे त्यातलं सोपं काम. खरा प्रश्न असतो, एम्डन कोणत्या तारखेची करायची? युद्धाआधी चीनमधल्या त्सिंगताओ बंदरात ती पांढरीशुभ्र होती, म्हणून तिला ‘पूर्वेचा हंस’ म्हणत. युद्ध सुरू झालं आणि ती करडी झाली. हंस कपाटात शोभतो खरा, पण मद्रासला आली ती करडी. कप्तान कार्ल फॉन म्युलर वाटेत पकडलेल्या जहाजांतून कोळसा काढून घ्यायचा आणि बंकर भरले की उरलेल्याचे ढीग डेकवरच रचायचा. अशा जहाजाचा डेक स्वच्छ कसा दाखवणार? ऑक्टोबरमध्ये दिएगो गार्सियाला नांगर टाकला, तेव्हा तळाला इतकं शेवाळ-शिंपलं धरलं होतं की जहाज एकेका कुशीवर कलवून ते खरवडावं लागलं. बेटावरच्या लोकांना युद्ध सुरू झाल्याचा पत्ताच नव्हता. त्यांनी पाहुण्यांचं आगतस्वागत केलं.

म्हणून करड्यावर करडा चढतो. आधी प्रायमर, मग शिवणींवर गडद छटा, तिच्यावर पातळ करडा असा फवारायचा की खालचं थोडं डोकावलं पाहिजे. नांगराच्या भोकाखाली गंजाचा ओघळ, धुराड्यांच्या तोंडाशी काजळी. ओघळ तेलरंगाचा; टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला ब्रश वरून खाली एकदाच ओढायचा. दोनदा ओढला की सगळं पुसून जातं. नवशिके इथेच वाहवतात आणि युद्धनौकेचं भंगार करून ठेवतात.

मी राहतो त्या लिंबागणेशहून समुद्र सरळ रेषेतही तीनेकशे किलोमीटर. इथली अडचण हवेची. एप्रिलच्या कोरड्या उन्हाळ्यात अ‍ॅक्रिलिक रंग एअरब्रशच्या सुईवरच सुकतो आणि मॉडेलवर पावडर बसते. त्यावर उपाय म्हणजे रंगाचं सुकणं लांबवणाऱ्या रिटार्डरचे दोन थेंब आणि पहाटेची वेळ. लाईट गेली की कॉम्प्रेसर बंद, मग टाकीत उरलेल्या हवेवर भागवायचं. ओल्या रंगावर शेतातली धूळ बसू नये म्हणून स्टीलचा मोठा डबा उपडा घालतात. महागड्या कव्हरपेक्षा तो बरा.

पेनांगची एम्डन करायची तर धुराडी चार. २८ ऑक्टोबरला म्युलरने कापडाचं खोटं चौथं धुराडं उभारलं, इंग्रजी क्रूझरसारखं दिसावं म्हणून. बंदरात शिरून रशियन ‘झेम्चुग’ बुडवली आणि बाहेर पडताना फ्रेंच ‘मुस्के’. मॉडेलवर हे धुराडं करायला पातळ टिश्यू पांढऱ्या गोंदात भिजवून काडीभोवती गुंडाळायचा आणि सुकण्याआधी बोटाने किंचित चेपायचा. ते गुळगुळीत झालं तर फसलं. कापड कापडासारखंच दिसायला हवं.

बारा दिवसांनी, ९ नोव्हेंबरला, कोकोस बेटांजवळ ऑस्ट्रेलियन ‘सिडनी’ने तिला गाठलं. गोळ्यांनी चाळण झालेलं जहाज म्युलरने नॉर्थ कीलिंगच्या खडकांवर घातलं. ती तारीख निवडणारेही आहेत; पूर्ण झालेल्या मॉडेलला तापलेल्या सुईने भोकं पाडतात. माझा हात धजत नाही.

दोरखंड सगळ्यात शेवटी. खरा दोर दोन-तीन सेंटिमीटरचा, म्हणजे इथे केसाइतका. किटच्या सांगाड्याची उरलेली काडी मेणबत्तीवर मऊ करून ओढली की तसा धागा निघतो. तो डोलकाठीला फेव्हिक्विकच्या कणाने चिकटवायचा. आणि त्या वेळी पंखा बंद, मग मे महिना का असेना.