हात : तंत्रिका, पकड व आधारपट्टी

हाताच्या पंजाचे कार्य स्नायू, कंडरा, सांधे व तंत्रिका (मज्जातंतू) यांच्या परस्पर सहकार्याने चालते. तंत्रिकेस इजा झाल्यास हानी दुहेरी होते : स्नायू लुळे पडतात आणि त्वचेची संवेदना जाते. तुटलेली तंत्रिका शस्त्रक्रियेने जोडल्यावर तिचे तंतू दिवसाला सु. १ मिमी. या वेगाने वाढतात. त्यामुळे मनगटापाशी झालेल्या इजेनंतर बोटांच्या टोकांपर्यंत संवेदना पोहोचण्यास सहा महिने वा त्याहून अधिक काळ लागतो. दरम्यान सांधे आखडले, तर तंत्रिका सुधारूनही हात कामास येत नाही. या काळात हात योग्य स्थितीत राखणे हा आधारपट्टीचा, म्हणजे स्प्लिंटचा, मुख्य हेतू होय.

अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यात या विषयास आर्थिक बाजूही आहे. लोणी येथील प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५० मध्ये सुरू झाले. जिल्ह्याच्या कालव्यांखालील पट्ट्यात ऊसतोड आजही मोठ्या प्रमाणावर हाताने होते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड यांसारख्या कोरडवाहू तालुक्यांतील अनेक कुटुंबे दर हंगामात तोडणीस जातात. मजुरांची गणती ‘कोयता’ या एककाने होते; एक कोयता म्हणजे बहुधा पती-पत्नीची जोडी. त्यांपैकी एकाचा हात निकामी झाला, तर जोडी मोडते आणि हंगामापूर्वी घेतलेली उचल फिटत नाही.

तंत्रिका : पंजास मुख्यतः तीन तंत्रिका मिळतात. मध्यम तंत्रिका मनगटाच्या पुढील बाजूच्या अरुंद मार्गातून तळहातात शिरते. अंगठ्याच्या मुळाच्या उंचवट्यातील बहुतेक स्नायू, तसेच अंगठा, तर्जनी, मधले बोट व अर्धी अनामिका यांच्या तळहाताकडील त्वचेची संवेदना तिच्याकडे असते. ती निकामी झाल्यास अंगठा बोटांसमोर नीट येत नाही आणि सुई वा नाणे न पाहता उचलता येत नाही.

अंतःप्रकोष्ठ तंत्रिका, जिला रुग्णालयात ‘अल्नर’ म्हणतात, कोपराच्या आतील बाजूस हाडामागून जाते. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत जाणारी झिणझिणी तिचीच असते. पंजातील बहुतेक लहान स्नायू तिच्या अधीन आहेत. तिच्या इजेने अनामिका व करंगळी नखीसारख्या वाकड्या होतात. कुष्ठरोगात हातांच्या तंत्रिकांपैकी बहुधा हीच प्रथम बाधित होते.

बहिःप्रकोष्ठ तंत्रिका, म्हणजे ‘रेडियल’, दंडाच्या हाडास मागून वळसा घालते. ते हाड मोडल्यास तिला इजा होऊ शकते व मनगट खाली लोंबते.

पकड : ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन नेपिअर यांनी १९५६ मध्ये पकडीचे बलपकड व सूक्ष्मपकड असे दोन मुख्य प्रकार मांडले. मराठीतील ‘मूठ’ व ‘चिमूट’ हे शब्द साधारणपणे हाच भेद दाखवितात. कोयता धरणे किंवा ज्वारीचे ताट उपटणे ही मुठीची कामे होत. सुईत दोरा ओवणे किंवा बी टोकणे ही चिमटीची. मूठ आवळण्यात अनामिका व करंगळी यांचा वाटा मोठा असतो. म्हणून अंतःप्रकोष्ठ तंत्रिकेच्या इजेने कोयत्याची पकड सैल होते. याच इजेने किल्ली फिरविताना अंगठ्याचा तर्जनीच्या कडेवर पडणारा दाब घटतो. बादली उचलण्याच्या आकडीसारख्या पकडीत अंगठा लागत नाही. ती मध्यम तंत्रिकेच्या मनगटाजवळील इजेतही बरीच टिकते. मनगट सु. ३०° मागे वळलेले असताना मूठ घट्ट होते; मनगट लोंबत असल्यास बोटांचे स्नायू शाबूत असूनही मुठीत बळ राहत नाही.

आधारपट्टी : इजा झालेला पंजा सपाट फळीवर बोटे सरळ ठेवून दीर्घकाळ बांधणे हानिकारक ठरते. बोटांच्या मुळाचे सांधे सरळ असताना त्यांचे बाजूचे बंध सैल असतात. ते तसेच आखडले की पुढे मूठ मिटत नाही. म्हणून सामान्यतः मनगट २०° ते ३०° मागे, मुळाचे सांधे ७०° ते ९०° वाकलेले, त्यापुढील सांधे सरळ आणि अंगठा तळहातासमोर दूर अशी सुरक्षित स्थिती राखतात. कंडरा वा तंत्रिका जोडल्यावर मात्र स्थिती शल्यचिकित्सक ठरवितो.

लोंबत्या मनगटास मागे उचलून धरणारी पट्टी देतात; तिने मुठीचे बळ लगेच काही अंशी परत मिळते. नखीसारख्या बोटांसाठी मुळाचे सांधे किंचित वाकलेले ठेवणारी, तर मध्यम तंत्रिकेच्या इजेत अंगठा बोटांसमोर राखणारी पट्टी वापरतात. पट्टी प्रबाहूच्या सु. दोन-तृतीयांश लांबीची असावी. बोटे हलवावयाची असल्यास तिची कड तळहाताच्या पुढील घडीच्या अलीकडे थांबावी. प्लॅस्टर, चामडे, ॲल्युमिनियम तसेच गरम पाण्यात मऊ होणारे प्लॅस्टिक यांपासून पट्ट्या बनवितात. या कामाचे शिक्षण व्यवसायोपचारात मिळते. भारतात त्याचा पाया कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात घातला. अहिल्यानगर जिल्ह्यात लोणी व विळद घाट येथे भौतिकोपचार महाविद्यालये आहेत.

दक्षता : मोडलेल्या हातावर कामट्या आवळून बांधल्याने रक्तपुरवठा खुंटू शकतो. बोटे फिकट वा बधिर पडली किंवा ताणताना असह्य वेदना झाल्या, तर बांधणी त्वरित सोडून रुग्णालय गाठावे. काही तासांच्या विलंबाने स्नायू कायमचे मरतात. पट्टी काढल्यावर त्वचेवरील लाली सु. २० मिनिटांत न गेल्यास पट्टी दुरुस्त करून घ्यावी. बधिर हातास वेदना इशारा देत नाही. म्हणून तो रोज डोळ्यांनी तपासावा, तवा वा पेला फडक्याने धरावा आणि अवजाराची मूठ कापड गुंडाळून जाड करावी. कुष्ठरोगात बधिरपणा वा दुबळेपणा नव्याने आला असल्यास पहिल्या सहा महिन्यांत उपचार झाल्यास तंत्रिका पुष्कळदा सावरते. कुष्ठरोगावरील औषधे शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात.