झोपेतील श्वासरोध आणि मास्कची सवय

घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण होय, अशी समजूत आपल्या समाजात फार दिवसांपासून रूढ आहे. पुष्कळदा ती चुकीची ठरते. कित्येकांच्या बाबतीत झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ व मऊ टाळू मागे सरकतात आणि श्वासमार्ग मिटतो. छाती धडपडते, परंतु हवा आत शिरत नाही. रक्तातील प्राणवायू घटला की मेंदू क्षणभर जागा होतो आणि मोठा आवाज होऊन श्वास पुन्हा सुरू होतो. निजणाऱ्याला याची आठवणही राहत नाही. सकाळी डोके जड असते, दिवसा पेंग येते, रक्तदाब चढतो; आणि वाहन चालविताना डुलकी लागली तर जिवावरच बेतते. या विकारास स्लीप ॲप्निया असे म्हणतात.

१९८० साली ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी यावर एक साधा उपाय योजिला. पंख्याच्या यंत्राने नाकावाटे सतत हवेचा दाब द्यायचा. हवा भरलेली सायकलची ट्यूब जशी चपटी होत नाही, तसा दाबाखालील श्वासमार्गही मिटत नाही. त्यापूर्वी गंभीर रोग्याच्या गळ्यास छिद्र पाडण्याची शस्त्रक्रिया हाच खात्रीचा इलाज होता. तथापि पहिले मास्क रोग्याच्या नाकाचा साचा घेऊन बनवावे लागत आणि रोज रात्री चिकटवावे लागत. हा उपचार घरोघर पोहोचला, तो मास्क सुखकर झाल्यानंतरच.

आजही यंत्र घरी आणून आठ दिवसांत कपाटात ठेवणारे पुष्कळ असतात. दोष बहुधा यंत्राचा नसतो. लहानसहान त्रास वेळीच दूर न केल्यामुळे ते नकोसे होते.

पहिली गोष्ट मास्कची. तो बसून नव्हे, तर पाठीवर निजून आणि यंत्र चालू ठेवून बसवावा. हवा निसटू लागली की पट्टे आवळण्याचा मोह होतो. परंतु त्यामुळे नाकाच्या दांड्यावर वळ उठतात आणि गळतीही थांबत नाही. मास्क किंचित उचलून पुन्हा टेकवावा, म्हणजे त्याची मऊ कड नीट बसते. दाढी-मिशांमुळे हवा निसटत असेल, तर नाकपुड्यांशी बसणारा लहान मास्क सोयीचा पडतो. तोंड उघडे राहून घसा सुकत असेल, तर नाक व तोंड दोन्ही झाकणारा मास्क घ्यावा.

दुसरी गोष्ट कोरडेपणाची. यंत्राला जोडलेल्या भांड्यात ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, घालून ते रोज बदलावे. इंदूर-ग्वाल्हेरकडील थंडीत नळीत पाणी साचते. तेव्हा नळी पांघरुणाखाली घ्यावी व यंत्र उशीपेक्षा खालच्या पातळीवर ठेवावे. मास्कची कड रोज सौम्य साबणाने धुवावी.

तिसरी गोष्ट दाबाची. बहुतेक यंत्रांत आरंभी दाब कमी ठेवून तो हळूहळू वाढविण्याची सोय असते. तिचा उपयोग करावा. पोट हवेने फुगत असेल किंवा श्वास सोडणे जड जात असेल, तर स्वतः दाब न बदलता डॉक्टरांस सांगावे.

आणि शेवटची गोष्ट सवयीची. प्रथम दिवसा, वर्तमानपत्र वाचताना, अर्धा तास नुसता मास्क लावावा. मग हवा सुरू करावी. मग दुपारच्या वामकुक्षीस आणि त्यानंतर रात्रभर. घरच्या मंडळींनी थट्टा न करता धीर द्यावा, कारण थांबणारा श्वास प्रथम त्यांच्याच कानी येतो.

चष्मा डोळ्यांवर असेतोवरच नीट दिसते, तसेच या यंत्राचे आहे. त्याचा गुण लावलेल्या रात्रीपुरता असतो. म्हणून ते सोसवेल असे करून घेणे, हा उपचाराचाच एक भाग समजावा.