निळी चमक

सांगलीच्या घाटावरून तुम्ही कृष्णा नदीतील नाव पाहिली असेल. नाव वेगाने जाऊ लागली, की तिच्या दोन्ही बाजूंना तिरप्या लाटा पसरतात. नावेचा वेग पाण्याच्या लाटांपेक्षा जास्त असतो, म्हणून असे होते.

प्रकाशाचेही असेच आहे. हवेत किंवा पाण्यात प्रकाशाचा वेग थोडा कमी होतो. एखादा विद्युतभारित कण तेथील प्रकाशापेक्षाही वेगाने गेला, तर त्याच्यामागे निळसर प्रकाश उमटतो. रशियन शास्त्रज्ञ पावेल चेरेन्कोव्ह यांनी १९३४ साली या प्रकाशाचा शोध लावला. म्हणून त्याला चेरेन्कोव्ह प्रकाश म्हणतात.

या प्रकाशाचा उपयोग काय? दूरच्या विश्वात कधी एखादा प्रचंड तारा कोसळतो. तेव्हा काही सेकंदांत गॅमा किरणांचा लोट बाहेर पडतो. हा गॅमा किरण स्फोट होय. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि वातावरणामुळे जमिनीपर्यंत पोचतही नाहीत. मग ते पाहायचे कसे?

अतितीव्र गॅमा किरण हवेत शिरला, की त्यातून असंख्य कणांचा वर्षाव सुरू होतो. हे वेगवान कण निळी चमक निर्माण करतात. ती सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरतीच टिकते. मोठ्या आरशाची दुर्बीण आणि अतिशय जलद कॅमेरा यांनाच ती टिपता येते.

खरी शर्यत वेळेशी असते. स्फोट कोठे व केव्हा होईल, हे आधी कळत नाही. उपग्रह सूचना देतो आणि दुर्बीण तत्काळ त्या दिशेला वळवावी लागते. १४ जानेवारी २०१९ रोजी स्पेनच्या ला पाल्मा बेटावरील 'मॅजिक' दुर्बिणी सुमारे एका मिनिटात वळल्या आणि त्यांनी अशा स्फोटाचे किरण टिपले. ते किरण निघाले, तेव्हा आपली पृथ्वी बाल्यावस्थेत होती!

फार दूरचे अतितीव्र किरण वाटेतच ताऱ्यांच्या प्रकाशामुळे नष्ट होतात. जे कमी तीव्र किरण पोचतात, त्यांची चमक फिकी असते. म्हणून आरसा मोठा हवा. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने लडाखमधील हानले येथे उभारलेल्या 'मेस' दुर्बिणीचा आरसा २१ मीटर व्यासाचा आहे. तिचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले.

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वरही उंच आहे. मग दुर्बीण तेथे का नाही? महाबळेश्वर सुमारे चौदाशे मीटर उंचीवर आहे, तर हानले सुमारे ४,३०० मीटर. शिवाय महाबळेश्वरला पावसाळाभर दाट ढग असतात. हानलेची हवा कोरडी, आकाश स्वच्छ आणि रात्र गडद असते. फिकी चमक पाहायला काळोखच लागतो. आपण रात्री उगाच लावलेले दिवे आकाशातील असा कितीतरी ठेवा झाकून टाकतात.

स्वाध्याय
१. चेरेन्कोव्ह प्रकाश केव्हा निर्माण होतो?
२. दुर्बीण तत्काळ का वळवावी लागते?
३. हानले हे ठिकाण दुर्बिणीसाठी योग्य का आहे?